कौसाची आवाजबंदी

१६ नोव्हेंबर, सारंगखेडा

आजपासून या घरात आवाज बंद. शाईला अजून मनाई झालेली नाही, म्हणून लिहून ठेवते.

हुकूम कौसाचा. कौसा म्हणजे कौसाबाई, माझा चुलतभाऊ दोधू याची बायको. मागच्या पावसाळ्यात मी धुळ्याला पाय मोडून घेतला, तेव्हा दोधूने मला उचलून इथे आणलं आणि कापूस भरायच्या खोलीला लागून असलेली खोली दिली. पाय केव्हाच जुळला. मी अजून इथेच आहे, कारण इथे राग यायला रोज ताजं कारण मिळतं.

आजचं कारण असं. सून स्वप्नाली हिला पाचवा महिना लागला. पहिली मुलगी हिंदवी, पाच वर्षांची, जन्मापासून बहिरी. एका डॉक्टरने ‘काही मुलं उशिराच बोलतात’ असं सांगून मोलाची वर्षं घालवली. नंतर मिळालेलं कानामागचं यंत्र हिंदवीने म्हशीच्या गव्हाणीत टाकलं, आणि त्यात मला तिची चूक दिसत नाही. त्यातून तिला फक्त घरघर ऐकू यायची म्हणे.

सकाळी चहाच्या वेळी कौसाने सगळ्यांना ओट्यावर बसवलं. “पयली येळे हिना पोटमा पोर व्हती अन जत्रामा ढोल वाजनात, बँड वाजना. पोरना कान तठेच गयात. आते या घरमा आवाज नको. कोनाच नको.”

“मंग माले खोकला वना तं?” दोधूने विचारलं.

“भायेर जा.”

मी म्हटलं, “कौसा, हा शुद्ध मूर्खपणा आहे.” तिने ओठांवर बोट ठेवलं. माझ्या! मी वयाने मोठी नणंद आहे.

२१ नोव्हेंबर

कुकर माळ्यावर गेला. मिक्सर पोत्यात बांधला. टीव्हीवर माणसं मासोळ्यांसारखी तोंडं उघडतात. बैलांच्या गळ्यातले घुंगरू काढले. ललित, म्हणजे कौसाचा मुलगा, ट्रॅक्टर गावाबाहेर पिंपळाखाली उभा करून चालत येतो. कुत्रा शेजारच्या गल्लीत रवाना झाला. तिथून त्याचं भुंकणं परदेशातून आल्यासारखं वाटतं.

बोलायचं असेल तर हातांनी. मी बोलत नाही. नाशिकच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर बर्नाडेट आमचे हात मांडीवर घट्ट धरायला लावायची. हात हलवत बोलणाऱ्या मुली बाजारात भाजी विकतात, म्हणायची. तिथे शिकलेल्या इंग्रजीच्या जोरावर मला धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी मिळाली आणि जन्मभर मी कानाला हेडसेट लावून इतरांचे आवाज इतरांना जोडले. रडणारे, भांडणारे, ‘पोहोचलो’ एवढंच सांगणारे. आता या घरात मी हात मांडीवर ठेवून बसते आणि तोंडाने कुजबुजते. मला कोणी उत्तर देत नाही.

२८ नोव्हेंबर

हिंदवीच्या, स्वप्नालीच्या आणि ललितच्या रक्ताचा अहवाल ललितने माझ्यापुढे टाकला, कारण तो इंग्रजीत आहे आणि मी घरातली इंग्रजी आहे. त्यात स्पष्ट लिहिलंय. एक जनुक आहे, त्याच्या दोन प्रती असतात. ललितकडे एक बिघडलेली, स्वप्नालीकडे एक बिघडलेली. दोघांना उत्तम ऐकू येतं, कारण एक चांगली प्रत पुरते. हिंदवीच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. ढोल नाही, बँड नाही.

येणाऱ्या बाळाचं आत्ताच तपासायचं असेल तर पोटातलं पाणी काढून बघता येतं, असं डॉक्टरीणबाईंनी सुचवलं होतं. स्वप्नालीला मी ते समजावलं. ती मला मॅडमफुई म्हणते; फुई म्हणजे आत्या. ती भाकरी थापत होती. हळू आवाजात म्हणाली, “पानी काढीसन काय करसू, मॅडमफुई? हिंदवीसारखं निंघनं तं टाकी दिसू का?”

मला राग आला. माहिती ही माहिती असते, ती घ्यावी. पण भाकरी गरम होती, म्हणून आधी ती खाल्ली.

दुपारी फोनवर एक शोधनिबंध वाचला. उंदराच्या पिल्लाच्या कानात कोणतं जनुक कोणत्या दिवशी जागं होतं, त्याचा तक्ता. आधी डोक्याच्या बाजूला त्वचेचा एक जाडसर ठिपका. मग तिथे खळगा पडतो. खळग्याचं तोंड मिटतं, आत पाण्याची इवलीशी पिशवी तयार होते, आणि ती लांब होत होत शंखासारखे वेढे घेते. त्या वेढ्यांत आवाज टिपणारे बारीक केस उगवतात. काही जनुकं खळगा पडतानाच जागी असतात, काही वेढ्यांच्या वेळी उठतात, काही अगदी शेवटी. त्यांतली कितीतरी अशी की एक बिघडलं तर माणूस बहिरा. वाचता वाचता डोळा लागला. स्वप्नात मी माझ्या जुन्या बोर्डासमोर बसले होते, पण बोर्ड गोल गोल आत वळत गेला होता, आणि त्याच्या रांगांत लाल दिव्यांऐवजी केस होते, पाण्यात हलणारे. एकेक केस माझ्याकडे वळून ‘नंबर प्लीज’ म्हणत होता.

६ डिसेंबर

घोड्यांची जत्रा भरली. आमच्या खिडकीतून धूळ दिसते, आवाज मात्र नदीकडे जातो. तसाच वारा कौसाने मागून घेतला असावा. स्वप्नालीला बाहेर जायची बंदी. ललितने हिंदवीला खांद्यावर बसवून नेऊन आणलं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर हिंदवीने जत्रा सांगितली. ताटं तशीच होती. तिने आधी एक काळा घोडा उभा केला: मान, मग मानेची मस्ती, मग तोंडाचा फेस. मग त्याचा मालक, पोट पुढे, मिशीला ताव. मग घेणारा, घोड्याचे दात बघणारा. मग घोड्याने घेणाऱ्याच्या टोपीचं काय केलं ते. दोधू इतका हसला की त्याला बाहेर ओट्यावर जावं लागलं. ललितने हातांनी काहीतरी विचारलं, तिने मान झटकून त्याला दुरुस्त केलं, आणि त्याने पुन्हा विचारलं. बापाला दुरुस्त करते! कौसाने पदर तोंडात कोंबला होता.

मी हसले नाही. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. हिंदवी आली, तिने माझ्या हातांवर चापट मारून ते सोडवले आणि एक हात हवेत धरून ठेवला, बाळाला चालायला शिकवतात तसा. निर्लज्ज कार्टी.

१५ डिसेंबर

बंधाऱ्यामागे तापीचं पाणी फुगून बसलंय, त्यावर सकाळी धुकं असतं. त्यात होडी दिसत नाही, होडीतला माणूस अर्धा दिसतो. घरही तसंच झालंय. माणसं भिंतींमधून आल्यासारखी येतात. शेजारच्या खोलीत कापूस छतापर्यंत गेला आहे आणि तो उरलासुरला आवाजही पिऊन टाकतो. माझ्याच पावलांचा मला पत्ता लागत नाही. कधी कधी वाटतं, आपण सगळे त्या पाण्याच्या पिशवीत आहोत आणि बाहेर कोणीतरी आपल्यासाठी गप्प बसलंय.

बाजरीची भाकरी हवी असेल तर मनगट फिरवायचं. पुरे झालं तर ताटावर तळवा. कळलं तर कपाळाला बोट. हे मी शिकलेले नाही. डोळ्यांसमोर रोज घडतं म्हणून कळतं. माणसांच्या नावांनाही खुणा आहेत. दोधूची खूण म्हणजे खोकला. ललितची मोटरसायकलची मूठ. माझी खूण हिंदवीने केली आहे: नाक वर आणि दोन्ही हात मांडीवर. सगळे ती वापरतात. अपमान आहे.

तरी हा अडाणीपणा चालू देणं माझ्या बुद्धीला पटत नाही. नाताळपर्यंत मी तो मोडून काढीन.

२५ डिसेंबर

मोडला.

कौसा ज्वारी निवडत होती, तिच्याच सुपात तिला शिकवलं. प्रत्येक माणसाला दोन दाणे. पांढरी ज्वारी म्हणजे चांगला, काळा उडीद म्हणजे बिघडलेला. तिच्या वडिलांना एक ज्वारी, एक उडीद दिला. त्यांचा उडीद एक कौसाकडे आला, एक तिच्या भावाकडे. कौसाचा ललितकडे गेला. भावाचा त्याच्या मुलीकडे. आणि त्याची मुलगी म्हणजे कोण? स्वप्नाली. कौसाची सख्खी भाची. मामाची मुलगी म्हणून हिनेच मोठ्या हौसेने ललितला करून घेतली. दोन उडीद हिंदवीपाशी एकत्र आले. येणाऱ्या बाळाचंही जे व्हायचं ते पहिल्याच दिवशी ठरलंय. चारांत तीन वाटे चांगले, एक वाटा हिंदवीसारखा. कोणी शिंकलं काय आणि ढोल वाजवला काय.

कौसाने सुपातले दोन्ही उडीद बोटाने पुढेमागे सरकवले. “मंग जत्रानं काहीच नही?”

“काही नाही.”

“मन्हा बापना घरनं शे?”

“तुझ्या वडिलांचं, तुझ्या भावाचं आणि तुझं.”

“स्वप्नालीले मीच आनी.”

“तेच तर सांगतेय.”

तिने सुपातले उडीद वेचून घेतले आणि मुठीत धरून उठली. आमटीला घेतले असावेत, पण आमटी तुरीची झाली. संध्याकाळी तिनेच टीव्हीचा आवाज लावला आणि कुकर खाली काढला. शिट्टी झाली तेव्हा सगळे दचकले. मी एकटी समाधानाने हसले. कित्येक दिवसांनी माझ्या कुजबुजीला कोणीतरी मोठ्याने उत्तर दिलं.

३ जानेवारी

बोलायला लागली की माणसं थांबत नाहीत. कापसाचा भाव, ऊस, सोयऱ्यांच्या भानगडी, महिन्याचं साठलेलं सगळं ओट्यावर वाहतंय. ललित जेवताना फोनवर बोलतो. कौसा मात्र कमी बोलते. थकली असेल.

हिंदवीने कालच्या जेवणात घोडा सुरू केला होता. मान झाली, मस्ती झाली, मालक आला नाही. कोणी बघत नव्हतं. मी बघत होते, पण अर्धवट. टीव्हीवर बातम्या होत्या.

१० जानेवारी

हिंदवी बिघडत चालली आहे. ललितला चावली. दोधूचा फोन पाण्याच्या हंड्यात टाकला. जेवत नाही. मी स्वप्नालीला जंताचं औषध द्यायला सांगितलं. स्वप्नाली काहीतरी बोलणार होती, पण कौसाने हाक मारली आणि ती गेली.

१७ जानेवारी

आज दुपारी हिंदवी सापडेना.

आधी घरात, मग गल्लीत, मग घाटावर. ललित बंधाऱ्याकडे धावला, परतला तेव्हा त्याच्या तोंडावर रंग नव्हता. जिकडेतिकडे हाका. “हिंदवी! ओ हिंदवी!” दोधूचा घसा बसला. शेजारचे उदेसिंग गिरासे आपली चारही माणसं घेऊन केळीच्या बागेत शिरले आणि तिथून ओरडत राहिले. कोणीतरी ग्रामपंचायतीचा भोंगा लावला. ‘हिंदवी ललित पाटील, जिथे असशील तिथून घरी ये.’ अख्खं गाव त्या आवाजाने भरून गेलं. मीही काठी टेकत अंगणात उभी राहून ओरडत होते. सिस्टरने शिकवलेला, लांब पोहोचणारा आवाज. तो अजून शाबूत आहे, एवढा विचारही मनात आला.

मग मी वर पाहिलं. कापसाच्या खोलीला छताजवळ एक जाळी आहे. जाळीच्या मागे हिंदवी बसली होती, कापसाच्या ढिगावर, केसांत पांढरं पांढरं. ती मघापासून आम्हा सगळ्यांना बघत होती. एवढी तोंडं उघडतायत, मिटतायत, माणसं पळतायत.

तिची नजर माझ्याशी भिडली. तिने दोन्ही तळवे वर केले, भुवया उंचावल्या. काय झालं? कोण हरवलं?

मी तिची खूण करायला हात उचलला आणि माझ्या लक्षात आलं, मला सगळ्यांच्या खुणा माहीत आहेत, फक्त तिची नाही. तिला कधी कोणी लांबून हाक मारलेलीच नव्हती.

१८ जानेवारी

खोटं बोलले. सरळ, विचार करून, डोळ्यांत डोळे घालून.

कौसा ओट्यावर सरकी वेगळी करत बसली होती. मी म्हटलं, “कौसा, मी चुकले. नवीन संशोधन आलंय.”

“कोठलं?”

“विलायतेतलं. कानाचं काम पोटात शेवटपर्यंत चालू असतं. घरातल्यांनी हातांनी बोललेलं बाळाला चांगलं.”

“इंग्रजीमा शे?”

“अर्थात.”

“मंग बरं.” तिने एक बोंड उलगडलं. “बाळ व्हयी तवलोंग?”

“हो. आणि त्यानंतर... सहा महिने.”

“सहा मयनामा काय व्हस, ताई? नीट वाची देखा. पाच वरीस लिखेल व्हयी.”

मी चष्मा पुसला, फोन उघडला, बंद केला. “हो. पाच आहे.”

“मंग ठीक.” ती उठून आत गेली. क्षणभरात टीव्ही गप्प झाला.

भोळी बाई! मी सहा महिने देत होते, हिने स्वतःच पाच वर्षं मागून घेतली. इंग्रजीचा दरारा अजून आहे.

८ फेब्रुवारी

घर पुन्हा धुक्यात गेलं. जेवताना सगळ्यांचे हात चालतात, माझेही. सिस्टर बर्नाडेट माफ करो. हिंदवीने मला दोनदा दुरुस्त केलं. मी ‘ऊस’ म्हणते तेव्हा ते ‘काठीने मारीन’ असं दिसतं म्हणे. उदेसिंगचा नोकर मागच्या आठवड्यात आमच्या परसातून पळाला तो त्यामुळेच.

पण मनात काटा आहे. समजा बाळाला ऐकू आलं नाही. माझ्या त्या खोट्यावरून कौसा कोणाला धरेल? हिंदवी परवा फिस्सकन मोठ्याने हसली, तिला? ज्या अंधश्रद्धेला मी काठीने हाकलून दिलं, तिला मीच पाट मांडून आत बसवलं.

आज स्वप्नालीला गाठून खरं सांगितलं. संशोधन वगैरे काही नाही, मी बनवलं; उद्या काहीही झालं तरी दोष तुझा नाही, कोणाचाच नाही, ते पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं. तिने ऐकून घेतलं. मग आतल्या चुलीपाशी बसलेल्या कौसाकडे बोट केलं, ते बोट आपल्या कपाळाला लावलं आणि हसली. कौसाला यातलं काही कळत नाही, असं म्हणायचं असेल. शेजारी बसलेली हिंदवीही हसली. ही पोर कशावरही हसते.

तरी मला झोप येईना म्हणून स्वप्न आलं नाही असं नव्हे. डोळे उघडे असताना आलं. पोटातल्या त्या काळोख्या पाण्यात एक शंख, आणि त्याच्या वेढ्यांत बसलेली बारीक बारीक माणसं, हातांनी एकमेकांना काहीतरी सांगणारी. त्यांचं काम चालू होतं. माझ्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

१२ एप्रिल, नंदुरबार

काल पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप.

आज दवाखान्यात कानाची तपासणी. एका मुलीने बाळाच्या कानात वाटाण्याएवढं बोंडूक घातलं आणि यंत्राकडे बघत राहिली. आम्ही तिच्याकडे बघत होतो. ललितच्या कानशिलावरून घाम वाहत होता. कौसाने भिंतीकडे तोंड केलं होतं, मूठ आवळलेली. हिंदवी खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभी. मी यंत्राचं इंग्रजी वाचू शकले असते. चष्मा घातला नाही.

हिरवा दिवा लागला. एका कानाला, मग दुसऱ्या.

ललित ओरडला. दोधू त्याहून मोठ्याने. पलीकडच्या बायकाही कारण नसताना ओरडल्या. बाळ दचकून रडायला लागलं, त्यावर आणखी आनंद. कौसा वळली. तिचे डोळे भरले होते, पण ती बाळाकडे गेली नाही. आधी हिंदवीसमोर उकिडवी बसली आणि हातांनी तिला सांगितलं: हिला ऐकू येतं. हळू, एकेक करून, काही न लपवता.

हिंदवीने विचार केला. मग कौसाला विचारलं: हिला बघता येतं का?

कौसाने हो म्हटलं. पोरीने मोठा श्वास सोडला, वाईट बातमी टळल्यावर सोडतात तसा.

२२ एप्रिल, सारंगखेडा

आज बारसं. ललितला बहीण नाही, म्हणून फुईचा मान माझा.

नावावरून सकाळीच जुंपली. ललित म्हणाला, स्वरा. मी विचारलं, “म्हणजे मोठीला रोज एक टोमणा?” तो लाल झाला. चूक त्याची नाही, आनंदाने माणूस आंधळा होतो. मग स्वप्नालीने दामिनी सुचवलं. का, ते तिने सांगितलं नाही. नाव जरा जुनं आहे, पण बरं.

पाळण्याभोवती गल्लीतल्या बायका दाटल्या. गाणं झालं, बऱ्याच मोठ्याने. आज कौसाने कोणाला अडवलं नाही. मी वाकले, तो कोवळा कान धरला, तळहातापेक्षा कितीतरी लहान, आतून किती खोल कोण जाणे. जन्मभर हजारो कानांत बोलले, पण इतकं सावरून कधी नाही. नाव सांगितलं. पोरीने डोळे फिरवले. बायकांनी माझ्या पाठीत ठोसे घातले, कुर्रर्र झालं, पेढे आले.

तेवढ्यात गर्दीत कोणीतरी माझ्या लुगड्याला ओढलं. हिंदवी. तिने विचारलं, काय ठेवलं?

मी तोंड उघडलं आणि मिटलं. हवेत अक्षरं काढायला गेले, तिला अजून येत नाहीत. कौसाकडे पाहिलं, कौसाने स्वप्नालीकडे. बायकांचे पेढे हातातच राहिले. एवढ्या जणींत, एवढ्या आवाजात नाव ठेवलं आणि घरातल्या एका माणसापर्यंत ते पोहोचवायची सोय नाही.

हिंदवी थांबली नाही. पाळण्यात वाकली, बाळाला निरखून पाहिलं, फुई वाकते तशी आणि तेवढाच वेळ. मग सरळ झाली आणि एका हाताने नाव ठेवलं. दोनदा केलं, सगळ्यांना दिसेल असं, वळून मागच्यांनाही. आधी कौसाने केलं, मग स्वप्नालीने, ललितने बोट चुकवलं तर त्याचं बोट धरून नीट केलं. मग गल्लीतल्या बायका, एकीमागून एक, पेढ्याचे हात पदराला पुसून. मी सगळ्यांत शेवटी केलं, कारण मला ते बरोबर यायला हवं होतं.

कसं आहे ते मघापासून लिहायचा प्रयत्न करतेय. तीन ओळी खोडल्या. ते नाव शाईत येत नाही. ज्याला हवं असेल त्याने घरी यावं, हात धुऊन.